लाल तबकडी, निळी तबकडी आणि बीटल्सची खोटी फाळणी

बीटल्स या इंग्रज रॉक गटाचा (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि ड्रमर रिंगो स्टार) विषय निघाला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की १९६५ पर्यंतचे बीटल्स म्हणजे एकसारखे सूट घातलेली, एकसारखे केस ठेवलेली चार गोड पोरं. खरे बीटल्स सुरू होतात ते ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) आणि ‘सार्जंट पेपर’ (१९६७) या अल्बमांपासून. दुसरा तट म्हणतो, खरा दम होता तो सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत. पुढे उरली ती टेपची करामत आणि सतारीची फोडणी. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘नाऊ अँड देन’ हे त्यांचं शेवटचं म्हणून जाहीर झालेलं गाणं आलं, पाठोपाठ त्यांच्या निवडक गाण्यांचे १९७३ चे लाल आणि निळे संग्रह वाढवून पुन्हा निघाले, आणि वाद परत त्याच दोन वाटांनी चालू लागला.

मला हा वाद दोन्हीकडून चुकीचा मांडला जातोय असं वाटतं. दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासता धरून चालली आहे, ती म्हणजे शैली बदलली म्हणजे माणसं बदलली, त्यांची आवड बदलली. बीटल्सच्या बाबतीत आवड फार कमी बदलली. बदलली ती गाणं तयार होण्याची जागा आणि कामाचा क्रम. १९६३ मध्ये गाणं रंगमंचावर घोटून पक्कं व्हायचं आणि मग टेपवर उतरायचं. १९६७ मध्ये ते टेपवरच रचलं जायचं, आणि पुरं होईपर्यंत ते नेमकं काय आहे हे खुद्द रचणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. ‘बाल्य’ आणि ‘प्रौढत्व’, किंवा ‘अस्सल’ आणि ‘नकली’, अशा जोड्या लावण्यापेक्षा ही अदलाबदल कानांनी ओळखली, तर दोन्ही काळांतलं संगीत जास्त ऐकू येतं, आणि प्रत्येक वळणावर हातातून काय सुटलं तेही कळतं.

आधी ही फाळणी आली कुठून ते पाहू. लाल संग्रहावर १९६२ ते १९६६ असे आकडे आहेत, निळ्यावर १९६७ ते १९७०. लाल संपतो ‘एलिनॉर रिग्बी’ आणि ‘यलो सबमरीन’वर, निळा उघडतो ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ने. दोन डबल अल्बमांत गाणी बसवण्याची ही विक्रीची सोय होती. पिढ्यान् पिढ्यांनी बीटल्स याच दोन पाकिटांतून ऐकले आणि सोयीचा सिद्धांत झाला. ‘रिव्हॉल्व्हर’मधलं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ तेव्हा कोणत्याच पाकिटात नव्हतं. म्हणजे ज्या गाण्यात दोन काळांमधला सांधा सगळ्यात स्पष्ट दिसतो तेच या हिशेबातून गळलेलं. अमेरिकेत तर गोंधळ त्याही आधीचा. तिथल्या कॅपिटॉल कंपनीने ब्रिटिश अल्बम मोडून आपल्या सोयीने जुळवले. ‘रबर सोल’मधली ‘ड्राइव्ह माय कार’, ‘नोव्हेअर मॅन’ यांसारखी चार गाणी काढली आणि ‘हेल्प!’मधली दोन घातली. त्यामुळे अमेरिकी श्रोत्याला तो अल्बम मूळापेक्षा किती तरी अधिक लोकसंगीताकडे झुकलेला वाटला. ‘रिव्हॉल्व्हर’मधून लेननची तीन गाणी गाळली, आणि त्या अमेरिकी तबकडीवर मुख्यतः त्याची म्हणावीत अशी दोनच उरली. बीटल्स एकाएकी बदलले असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातल्या अनेकांनी पायऱ्या काढून घेतलेला जिना पाहिला होता.

कलावंताचं आयुष्य कप्प्यांत वाटण्याची हौस नवी नाही. १८५२ मध्ये विल्हेल्म फॉन लेन्झने बीथोव्हेनच्या तीन शैलींवर पुस्तक लिहिलं. आरंभीची, मधली, अखेरची ही विभागणी तेव्हापासून विद्यार्थी पाठ करत आले. ती उपयोगी आहेच. पण तिच्यामुळे सुरुवातीच्या सोनाटा ‘तयारीच्या’ ठरल्या आणि अखेरच्या तंतुवाद्यांच्या चौकड्या बहिऱ्या माणसाच्या गूढ स्वगतासारख्या. अमेरिकी लोकगायक बॉब डिलन २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हाही भांडण याच चालीवर झालं. आणि आपल्याकडे? तीन-सव्वातीन मिनिटांच्या ७८ आरपीएम तबकडीसाठी आपल्या मोठ्या गायकांनी ख्याल आवळून गायला. तेच गायक रात्रीच्या मैफलीत तोच राग तासभर मांडत. त्या तबकडीतला गायक आणि मैफलीतला गायक ही दोन माणसं होती असं कोणी म्हणतं का? माध्यम बदललं, म्हणून मांडणी बदलली, हे तिथे आपण सहज मान्य करतो.

आता पहिल्या तटाचा मुद्दा घेऊ: सुरुवातीचे बीटल्स एकसुरी होते. पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’ चौदा गाण्यांचा. त्यातली दहा ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी, लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंतच्या तीन बैठकांत झाली. या दहांत काय काय आहे पाहा. शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या गटाची दोन गाणी, रंगभूमीवरून आलेलं ‘अ टेस्ट ऑफ हनी’, आणि शेवटी ‘ट्विस्ट अँड शाउट’. पुढच्या अल्बमात मोटाउन या अमेरिकी कंपनीची गाणी आणि त्यांच्याच शेजारी ‘टिल देअर वॉज यू’ हे ब्रॉडवेचं सांगीतिकेतलं गाणं, नायलॉन तारांच्या गिटारवर. हे विविधतेचं वेड आलं कुठून? जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून. १९६० च्या ऑगस्टमध्ये ते इंद्रा क्लबात वाजवू लागले तेव्हा इतर दिवशी साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास रंगमंचावर उभं राहायचं होतं. तासाभराच्या रॉक अँड रोलने सहा तास भरत नाहीत. जे येईल ते वाजवायचं: कंट्री, जुन्या नाटकांतली गाणी, लॅटिन ठेके, रेकॉर्डच्या मागच्या बाजूची कोणाला ठाऊक नसलेली गाणी. १९६८ च्या पांढऱ्या अल्बमात ‘हेल्टर स्केल्टर’ आणि ‘हनी पाय’ एकाच घरात नांदतात याचं ज्यांना नवल वाटतं, त्यांनी हॅम्बुर्गच्या रात्रींचा हिशेब करावा.

मग तो पहिला अल्बम एकसारखा का वाटतो? कारण ध्वनिमुद्रणाची रीत एकच होती. यंत्र दोन ट्रॅकचं, म्हणजे टेपवर आवाजाच्या दोनच स्वतंत्र पट्ट्या. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर गळे, आणि सगळे एकाच खोलीत एकाच वेळी वाजवत. दोन ट्रॅक ठेवले ते स्टिरिओसाठी नव्हेत. नंतर मोनो, म्हणजे सगळे आवाज एकाच वाटेने येणारं, मिश्रण करताना गळे वर-खाली करता यावेत म्हणून. त्यामुळे या गाण्यांची स्टिरिओ आवृत्ती हेडफोनवर ऐकली की गाणं एका कानात आणि बँड दुसऱ्या कानात जातो, आणि मधे नुसती पोकळी. या पोकळीवरून ‘सुरुवातीचे बीटल्स पातळ वाजतात’ असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. मोनो लावा. बास आणि ड्रम एकमेकांत घट्ट बसतात आणि गळा त्यांच्यावर स्वार होतो. ‘ट्विस्ट अँड शाउट’ दिवसाच्या अगदी शेवटी मुद्दाम ठेवलं होतं. लेननला सर्दी होती, दिवसभर गाऊन घसा सोलला होता, आणि ते गाणं गायल्यावर गळा उरणार नाही हे ठाऊक होतं. पहिलाच टेक (एका दमात केलेलं मुद्रण) तबकडीवर आहे. दुसरा करून पाहिला, पण आवाज संपला होता. हा बेधडकपणा नुसत्या ऊर्मीचा नाही. शेकडो रात्री तेच गाणं गायल्यावर कुठे दम घ्यायचा, कुठे सोडायचा हे अंगात भिनलेलं असतं, त्याचा हा परिणाम आहे.

इथे पहिल्या तटाला एक मोठी गोष्ट मोकळेपणाने दिली पाहिजे. पुढे जे झालं ते नुसतं अधिक सफाईदार नव्हतं, जातीनेच वेगळं होतं. १९६३ च्या पद्धतीत ‘टुमॉरो नेव्हर नोज’ कितीही रियाज केला तरी निघालं नसतं. तो प्रवास कसा झाला हे टेपच्या भाषेत सांगता येतं. १७ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांना पहिल्यांदा चार ट्रॅकचं यंत्र मिळालं. त्या दिवशी ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ आणि ‘धिस बॉय’ झाली. चार ट्रॅक म्हणजे आधी ठेका आणि गिटार, मग सवडीने गळे, मग वरून एखादं वाद्य. १९६५ च्या ऑक्टोबरात ‘इन माय लाइफ’च्या मधल्या जागेसाठी त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिनला पियानोचे जलद सूर हवे होते, बोटं तेवढी चालेनात. त्याने टेप निम्म्या वेगाने फिरवली, सूर एक सप्तक खाली आणि निम्म्या लयीत वाजवले, आणि टेप मूळ वेगाला आणली. लय दुप्पट झाली, सूर सप्तकभर वर चढला आणि प्रत्येक सुराचा उतार अर्धा झाला, म्हणून तो पियानो हार्प्सिकॉर्डसारखा टणटणीत वाजतो. ऐकणाऱ्याला बरोक काळाची आठवण येते. शैलीचा हा बदल अभ्यासिकेत ठरलेला नव्हता. बोटांच्या अडचणीवर काढलेल्या तोडग्यातून तो निघाला.

सहा महिन्यांनी, ६ एप्रिल १९६६ ला, ‘रिव्हॉल्व्हर’चं काम ‘टुमॉरो नेव्हर नोज’नेच सुरू झालं. अल्बमात ते शेवटी येत असल्यामुळे ‘इथवर पोचले’ असं वाटतं. खरं तर तिथूनच निघाले होते. गाणं जवळजवळ एकाच सुरावर उभं आहे, तंबोऱ्यावर ठेवल्यासारखं. रिंगोच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, माइक नियमापेक्षा जवळ आणला आणि आवाज चढउतार आवरणाऱ्या फेअरचाइल्ड लिमिटरमधून इतका दाबला की प्रत्येक ठोका पुढे उसळतो. हे करणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा वीस वर्षांचा होता. मॅकार्टनीने घरच्या ब्रेनेल टेपरेकॉर्डरचं पुसणारं हेड काढून टाकलं होतं, त्यामुळे टेपची वळी (दोन्ही टोकं जोडलेला तुकडा) पुन्हा पुन्हा फिरताना आधीचा आवाज न पुसता नवा त्यावर चढत जातो आणि शेवटी चिवचिवाट किंवा गर्जनेसारखा एक थर तयार होतो. अशा वळ्या इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होत्या. वळी ढिली पडली तर वेग डगमगतो, म्हणून माणसं पेन्सिलींवर ती ताणून उभी होती, आणि मिश्रणाच्या टेबलावर एकेका वळीचा आवाज वर-खाली केला जात होता. हे मिश्रण पुन्हा तसंच करता येत नाही. ते एकदाच घडलं. विरोधाभास पाहा. सगळ्यात ‘यांत्रिक’ म्हणवल्या जाणाऱ्या गाण्याचा गाभा हाच एक जिवंत, न उलटवता येणारा प्रयोग होता. लेननचा गळा उत्तरार्धात हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला आहे, म्हणून तो दुरून, वळत वळत येतो.

याच सुमारास रंगमंच निरुपयोगी झाला होता. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर लोक होते, आणि व्हॉक्स कंपनीने त्या दौऱ्यासाठी खास बनवलेले १०० वॅटचे अँप्लिफायर किंकाळ्यांखाली बुडाले. कलाकारांना स्वतःचं वादन ऐकू येईल असे मॉनिटर तेव्हा नव्हते. स्वतःचा सूर न ऐकता तीन आवाजांची सुरावट बांधायची कशी? १९६६ च्या अखेरच्या दौऱ्यात त्यांनी ‘रिव्हॉल्व्हर’मधलं एकही गाणं वाजवलं नाही, आणि २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कनंतर ते तिकीट लावून रंगमंचावर पुन्हा आले नाहीत. घोटण्याची जागा गेली. मग स्टुडिओच तालीमघर झाला, आणि तिथे जे सुचेल ते टेपवर राहू लागलं. ‘सार्जंट पेपर’चे सुमारे ७०० तास हे ऐश्वर्याचं प्रदर्शन नव्हतं. हॅम्बुर्गमध्ये आणि लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात जे तास लोकांसमोर खर्च व्हायचे, ते आता काचेच्या मागे खर्च होत होते.

यावर एक चांगला आक्षेप आहे. मग हे श्रेय मार्टिन, एमरिक आणि स्टुडिओतला तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांचं, बीटल्सचं कशाला? आक्षेपात बरंच तथ्य आहे. ओबो शिकलेल्या, लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत तयार झालेल्या मार्टिनने बीटल्सच्या आधी पीटर सेलर्सच्या विनोदी तबकड्या केल्या होत्या. चमत्कारिक आवाज कापून जोडायची सवय त्याला तिथून लागली. ‘एलिनॉर रिग्बी’ची आठ तंतुवाद्यं त्याने लिहिली, आणि माइक तारांना इतके चिकटवले गेले की गजाची घासणी ऐकू येते. गळा दोनदा गायचा कंटाळा लेननने केला तेव्हा टाउनसेंडने दुसऱ्या टेप यंत्रावर तोच आवाज किंचित उशिराने आणून दुहेरी गळा निर्माण केला. पण त्याच इमारतीत, त्याच यंत्रांवर त्या वर्षांत किती तरी इतर गट काम करत होते. यंत्र शक्यता देतं. ती वापरायची हाव कुठून येते? ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ घ्या. लेननला सातव्या टेकचा पहिला भाग आवडला आणि सव्विसाव्या टेकचा, चार ट्रंपेट आणि तीन चेलो असलेला, पुढचा भाग. पट्टी वेगळी, लय वेगळी. ‘जोडून द्या’ एवढंच तो म्हणाला. एकाचा वेग थोडा वाढवला, दुसऱ्याचा थोडा कमी केला, तेव्हा नशिबाने पट्टी आणि लय दोन्ही एकत्र जुळली. एक मिनिटाच्या आसपास तो सांधा आहे. सांध्यानंतर लेननचा गळा जाड आणि झोपाळू होतो, कारण टेप हळू केली आहे. मार्टिन आणि एमरिकशिवाय हे झालं नसतं. पण अशक्य मागणी आधी यावी लागते, आणि ती ज्याला यंत्रातलं काही कळत नाही त्याच्याकडूनच येते.

‘अ डे इन द लाइफ’मध्ये तर रिकामी जागाच आधी टेपवर ठेवली होती: २४ मात्राखंड, त्यांचा सहायक माल इव्हान्स आकडे मोजतोय, शेवटी गजर वाजतो. ती भरायची कशाने, हे ठरलेलं नव्हतं. १० फेब्रुवारी १९६७ ला चाळीस वादक बोलावले, प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या तळच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आपल्या गतीने, शेजाऱ्याशी न जुळवता चढायचं असं सांगितलं. आयुष्यभर शेजाऱ्याशी सूर जुळवणाऱ्या माणसांना हे सगळ्यात कठीण. चार ट्रॅक पुरेनात म्हणून दुसरं यंत्र जोडलं, आणि दोघांचा वेग बांधायला टाउनसेंडने ५० सायकलचा सूर वापरला. चार ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण करून दुसऱ्या टेपच्या एका ट्रॅकवर उतरवायचं, तीन मोकळे करायचे, ही तेव्हाची रीत. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढते, वरचे सूर मंदावतात, आणि एकदा मिसळलेला ड्रम पुन्हा वेगळा काढता येत नाही. म्हणजे ‘नंतर पाहू’ म्हणायची सोय नव्हती. आज शंभर ट्रॅक हाताशी असताना जो निर्णय शेवटपर्यंत टाळता येतो, तो त्यांना दर दोन दिवसांनी घ्यावा लागे. ‘पेपर’मधला आत्मविश्वास या बंधनातून आला आहे.

दुसऱ्या तटाचा आरोप उसनवारीचा. डिलनकडून शब्दांची धाटणी, बीच बॉइज या अमेरिकी गटाकडून ‘पेट साउंड्स’ या अल्बमाची चुरस, आणि भारताकडून सतार. उसनवारी खरी आहे. पण ती एकतर्फी कधीच नव्हती: हॅरिसनची बारा तारांची रिकनबॅकर गिटार पाहून बर्ड्स या अमेरिकी गटाच्या रॉजर मॅग्विनने तशी घेतली, आणि बर्ड्सच्या तुणतुणत्या सुरावटीवरून हॅरिसनने ‘इफ आय नीडेड समवन’ बांधलं. सतारीच्या बाबतीत मात्र मराठी वाचकाने नीट कान द्यावा, कारण इथे फरक ओळखण्याची तयारी आपल्याजवळ आहे. १९६५ च्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये सतार गिटारच्या चालीवरून चालते, एवढंच, ती रंग म्हणून आली आहे. तिथवर ‘फोडणी’ हा शब्द मला मान्य आहे. पण १९६६ च्या ‘लव्ह यू टू’मध्ये आधी ताल नसलेली आलापीसारखी सुरुवात आहे, मग तबला येतो, मग लय चढते. तबला अनिल भागवत यांचा, आणि ‘रिव्हॉल्व्हर’च्या पाठीवर त्यांचं नाव छापलेलं आहे. १९६७ च्या ‘विदिन यू विदाउट यू’मध्ये स्वर खमाज थाटाच्या वळणाचे आहेत, गायन १६ मात्रांच्या वजनात चालतं आणि मधला वाद्यखंड झपतालासारख्या दहांत, मार्टिनला पाश्चात्त्य व्हायोलिनवाल्यांकडून दिलरुब्याची मींड घोटून घ्यावी लागली, कारण त्यांची बोटं सुरावरून सुरावर उडी मारायला शिकलेली, घसरायला नाही. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत इथल्या वादकांकडून ‘द इनर लाइट’चं वादन मुद्रित केलं, गळा पुढच्या महिन्यात लंडनमध्ये चढवला, आणि ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं. रंग, मग रचना, मग वाद्यवृंद, मग जागाही. हे पर्यटन नव्हे, शिक्षण आहे. रविशंकरांकडे तो १९६६ मध्ये मुंबईत राहून शिकत होता.

आणि सतार खाली ठेवल्यावर काय उरलं? १९६९ च्या ‘हिअर कम्स द सन’च्या मधल्या भागात भारतीय वाद्य एकही नाही, पण वजन तीन-तीनच्या गटांत तुटत समेवर येऊन पडतं. आपल्या कानाला तिथे तिहाईचा भास होतोच. प्रभाव वाद्यातून निघून लयीत मुरल्याची ही खूण आहे, आणि शैलीतला बदल पचला की नाही हे पाहायची चांगली जागाही. एक गोष्ट मात्र दुसऱ्या तटाची पूर्ण खरी: ‘पेपर’च्या पाकिटावर दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावरचे नटवर सोनी, तंबोऱ्यावरचे बुद्धदेव कंसारा यांपैकी कोणाचंही नाव नव्हतं. त्याच पाकिटावर डझनावारी प्रसिद्ध चेहरे छापले होते. हा अन्याय आहे आणि तो त्या अल्बमाच्या गुणगानात झाकला जाऊ नये.

दुसऱ्या तटाचा सगळ्यात बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि तो ते क्वचितच मांडतात. थर चढवून गाणं करायची पद्धत आली तशी चौघांची एकमेकांकडे पाहून वाजवायची सवय गेली. ‘पेपर’च्या काळात मॅकार्टनी बास सगळ्यात शेवटी, रात्री, एकटा बसून, वेगळ्या ट्रॅकवर वाजवू लागला. त्यामुळे बास स्वतंत्र चालीसारखा गाऊ लागला, हा नफा. पण बास आणि ड्रम एका श्वासात उचलण्याची १९६३ ची जोडी सैल झाली, हा तोटा. त्या सत्रांत आपण बुद्धिबळ शिकलो, असं रिंगो सांगत आला आहे. वाट पाहणारा ड्रमर ही चार ट्रॅकच्या पद्धतीची किंमत होती. १९६८ मध्ये ती चक्रवाढ व्याजाने फेडावी लागली. हृषीकेशला नुसत्या गिटारवर, अँप्लिफायरशिवाय रचलेली गाणी घेऊन ते परतले (गायक डोनोव्हनने लेननला बोटांनी तारा छेडायचं तंत्र तिथेच शिकवलं, म्हणून ‘ज्युलिया’ आणि ‘डिअर प्रूडन्स’ तशी वाजतात), आणि मग वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळी माणसं कामाला लागली. जुलैत एमरिक सोडून गेला. ऑगस्टमध्ये रिंगो जवळजवळ दोन आठवडे निघून गेला. ‘बॅक इन द यूएसएसआर’वर मुख्य ड्रम मॅकार्टनीचे आहेत, आणि ते कान देऊन ऐकलं तर कळतात, बोजड आणि सरळसोट.

१९६९ च्या जानेवारीत त्यांनी घड्याळ उलटं फिरवायचा प्रयत्न केला: थर नाहीत, सगळे एकत्र, थेट. ‘मूळपदावर या’ म्हणणाऱ्या तटाचा हा आवडता पुरावा. त्यात ‘वन आफ्टर ९०९’ हे त्यांनी शाळकरी वयात रचलेलं गाणं ३० जानेवारीला गच्चीवर वाजवलं. हेच गाणं ५ मार्च १९६३ रोजी मुद्रित करून बाजूला टाकलं होतं. दोन्ही लागोपाठ ऐका. १९६३ मध्ये ते ताठ आणि अडखळतं आहे. १९६९ मध्ये बिली प्रेस्टनच्या इलेक्ट्रिक पियानोबरोबर ते मोकळं झुलतं. कुठल्या तटाच्या खात्यात घालायचं हे गाणं? सहा वर्षं टेपवर काम करून जे ऐकायला शिकले, ते कान घेऊन ते परत आले होते. पूर्वीसारखं वाजवणं शक्यच नव्हतं. आणि साधेपणाची ती शपथही टिकली नाही: एप्रिल १९७० मध्ये निर्माता फिल स्पेक्टरने ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर मॅकार्टनीला न विचारता वाद्यवृंद आणि गायनवृंद चढवला. थर चढवणं वाईट म्हणून ते गाणं बिघडलं नाही. स्पेक्टरचे थर झाकणारे आहेत, मार्टिनचे उघडणारे होते. दोन्ही तट तंत्रालाच दोष किंवा श्रेय देत राहिल्यामुळे हा फरक त्यांच्या हाती लागत नाही.

माझा आग्रह एवढाच, की वर्षांनी न ऐकता जोड्यांनी ऐकावं, आणि १९६८ पर्यंतचं शक्य तिथे मोनोत. ‘पेपर’चं मोनो मिश्रण बँडच्या हजेरीत सावकाश झालं, स्टिरिओ त्यांच्या पाठीमागे घाईने, ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जवळजवळ अर्ध्या सुराने चढं आणि जलद आहे, स्टिरिओत ते रेंगाळतं. १४ जून १९६५ चा दिवस घ्या: मॅकार्टनीने त्या एका दिवसात लोकसंगीताच्या वळणाचं ‘आय हॅव्ह जस्ट सीन अ फेस’, गळा फाडणारं ‘आय अॅम डाउन’ आणि एकट्या गिटारवर ‘येस्टरडे’ गायलं. त्या दिवशी तो ‘सुरुवातीचा’ होता की ‘नंतरचा’? ‘व्हेन आय अॅम सिक्स्टी-फोर’ची चाल त्याच्या सोळाव्या वर्षाच्या आसपासची, कॅव्हर्नमध्ये अँप्लिफायर बंद पडला की तो ती पियानोवर वाजवायचा, आणि तीच ‘पेपर’वर तीन क्लॅरिनेट घेऊन आली. आणि ‘धिस बॉय’, ‘येस इट इज’, ‘बिकॉज’ ही १९६३, १९६५ आणि १९६९ ची तीन गाणी सलग लावा. लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांची तीच तीन गळ्यांची जवळ जवळ बांधलेली सुरावट. ‘बिकॉज’मध्ये आठ ट्रॅकचं यंत्र, मूग सिंथेसायझर, मार्टिनचा इलेक्ट्रिक हार्प्सिकॉर्ड, तिघांनी एकत्र गाऊन तेच आणखी दोनदा चढवलं, म्हणून नऊ आवाज. तरी प्रत्येक वेळी तिघे एकत्रच गायले आहेत, वेगवेगळे नाही, आणि म्हणून शब्द सोडताना श्वास एकत्र सुटतो.

‘बिकॉज’चं काम सुरू झाल्यावर सहा दिवसांनी, ७ ऑगस्ट १९६९ ला, ‘द एंड’च्या मधल्या भागात गिटार भरायची होती. आठ ट्रॅक होते; तिघांनी तीन वेगळ्या रात्री वाजवलं असतं तरी चाललं असतं. मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन एका खोलीत उभे राहिले आणि दोन-दोन मात्राखंडांची पाळी लावून, याच क्रमाने, तीन फेऱ्या एकदम वाजवल्या. मॅकार्टनीची वाकडी-तिकडी झेप, हॅरिसनची सुरेल मींड, लेननची खरबरीत घासणी. एकाने टाकलेला सूर दुसरा उचलतो. मागे रिंगोचा ठेका आधीच टेपवर होता. हॅम्बुर्गला तासन् तास असंच चालायचं.